टीज नदी, मिडल्सब्रो आणि समुद्राकडे सरकत गेलेला धंदा

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

इंग्लंडच्या नद्या म्हटल्या की आपल्याला टेम्स आठवते, फार तर मर्सी. टीजचं नाव कुणी घेत नाही. ईशान्य इंग्लंडमधली ही नदी, पेनाइन डोंगरात क्रॉस फेलवर उगम, सुमारे १३७ किलोमीटर वाहून उत्तर समुद्राला मिळते. तिच्या शेवटच्या टप्प्यातल्या चार गावांवर नकाशात बोट ठेवत या: यार्म, स्टॉकटन, मिडल्सब्रो, रेडकार. ज्या क्रमाने नदी त्यांना भेटते त्याच क्रमाने त्यांची भरभराट झाली, आणि त्याच क्रमाने धंदा त्यांच्या हातातून निसटला.

मिडल्सब्रोचा इतिहास बहुतेक ठिकाणी 'लोखंडाचं गाव' म्हणून सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. गाव उभं राहिलं ते खोल पाण्यासाठी, आणि ओस पडू लागलं तेही आणखी खोल पाण्यापायी. लोखंड मधल्या काळात आलं. हे का म्हणतो ते जरा पाल्हाळ लावून सांगतो.

यार्म हे मध्ययुगापासूनचं बंदर. नदीच्या नालेसारख्या वळणात वसलेलं. १७७० च्या सुमारास खाली स्टॉकटनला दगडी पूल झाला आणि उंच डोलकाठ्यांची गलबतं त्याच्या वर जाईनात. संपलं यार्म. गंमत म्हणजे याच यार्ममधल्या 'जॉर्ज अँड ड्रॅगन' खाणावळीत १२ फेब्रुवारी १८२० ला स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेच्या प्रवर्तकांची सभा भरली. ज्यांचं बंदर गेलं होतं त्यांच्याच गावात, ज्याने ते नेलं त्याला रेल्वे द्यायची चर्चा. २७ सप्टेंबर १८२५ ला ती रेल्वे सुरू झाली हे आपण शाळेत वाचलेलंच असतं. शाळेत सांगत नाहीत ते हे, की रेल्वेचा खरा धंदा कोळशाचा होता, आणि कोळसा स्टॉकटनला पोचला की गाडं अडायचं. नदी उथळ, नागमोडी. १८१० मध्ये टीज नेव्हिगेशन कंपनीने मँडेलचं एक मोठं वळण कालवा खणून कापून टाकलं होतं, त्यामुळे दोन मैलांहून जास्त फेरा वाचला. १८३१ मध्ये पोर्ट्रॅकला दुसरं वळण कापलं. तरी मोठ्या कोळसावाहू जहाजांना पाणी पुरेना.

इथे जोसेफ पीझ येतो. डार्लिंग्टनच्या क्वेकर (हा ख्रिस्ती धर्मातला एक पंथ) घराण्यातला, रेल्वेच्या प्रमुख भांडवलदारांपैकी एडवर्ड पीझचा मुलगा. १८२८ च्या ऑगस्टमध्ये तो बोटीने टीजच्या मुखाकडची पाहणी करायला गेला. दक्षिण तीरावर खाऱ्या दलदलीत एक शेतवाडी होती. १८०१ च्या शिरगणतीत या जागेची वस्ती होती २५ माणसं, घरं चार. पीझने डायरीत लिहून ठेवलं की या ओसाड शेतांवर एक दिवस माणसांची गर्दी असेल आणि किनाऱ्याला जहाजांची रांग लागलेली असेल. स्वप्नं पडणारे पुष्कळ असतात. या माणसाने पुढच्याच वर्षी सोबत्यांना घेऊन सुमारे ५०० एकर जमिनीचा व्यवहार केला आणि 'ओनर्स ऑफ द मिडल्सब्रो इस्टेट' ही भागीदारी काढली. (हाच पीझ पुढे १८३२ मध्ये निवडून आला. क्वेकर शपथ घेत नाहीत, त्यामुळे संसदेत बसू द्यायचं की नाही यावर काथ्याकूट झाला. बसू दिलं.)

रेल्वेचा फाटा २७ डिसेंबर १८३० ला सुरू झाला. त्यासाठी टीजवर कॅप्टन सॅम्युअल ब्राउनने झुलता पूल बांधला, रेल्वेसाठीचा पहिलाच. वजन आलं की हा पूल खचायचा, पुढे लाट उठायची. मग कोळशाच्या वाघिणी लांबलांब साखळ्यांनी एकमेकींपासून दूर जोडून नेऊ लागले, म्हणजे एका वेळी पुलावर थोडंच वजन. असं १४ वर्षं रेटलं! शेवटी १८४४ मध्ये रॉबर्ट स्टीफन्सनचा नवा पूल आला.

गावाचा नकाशा रिचर्ड ऑटलीने आखला. मधोमध बाजारचौक, त्यातून निघणारे चार रस्ते, नावं नॉर्थ, साउथ, ईस्ट आणि वेस्ट स्ट्रीट. नावं ठेवण्यात कुणी वेळ घालवला नाही. प्लॉट घेणाऱ्यांवर बांधकामाच्या अटी होत्या, घरं सारखी दिसावीत वगैरे. आजच्या बिल्डरांच्या टाउनशिप जाहिराती वाचताना मला ऑटली आठवतो. १८३१ मध्ये वस्ती १५४. दहा वर्षांत पाच हजारांवर. १८४२ मध्ये विल्यम क्युबिटने आखलेली गोदी झाली. या उभारणीत लोखंडाचा काही संबंध नाही बरं का! फक्त कोळसा आणि पाणी. एक मातीच्या भांड्यांचा कारखाना होता, १८३४ चा.

१८४१ मध्ये हेन्री बोल्को आणि जॉन व्हॉन यांनी व्हल्कन स्ट्रीटवर लोखंडाचा कारखाना काढला. बोल्को जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गचा, न्यूकॅसलला धान्याच्या व्यापारात पैसा केलेला. व्हॉन वेल्श लोहाराच्या घरातला, भट्ट्यांवर वाढलेला. दोघे साडू. एकाकडे पैसा, दुसऱ्याकडे हात. पण खनिज नव्हतं. कच्चं लोखंड आधी स्कॉटलंडहून आणायचे. मग १८४६ मध्ये आत, विटन पार्कला, झोतभट्ट्या (खनिज वितळवून कच्चं लोखंड काढायच्या भट्ट्या) घातल्या. किनाऱ्यावरचं खनिज जहाजाने मिडल्सब्रोला, तिथून रेल्वेने विटन पार्कला, वितळवलं की पुन्हा रेल्वेने मिडल्सब्रोला. हा द्राविडी प्राणायाम परवडणारा नव्हताच.

८ जून १८५०. व्हॉन आणि खाणतज्ज्ञ जॉन मार्ली ईस्टनच्या टेकडीवर फिरत होते. सशाकोल्ह्यांनी बिळं खणताना बाहेर टाकलेल्या मातीत खनिजाचे तुकडे दिसले, ते माग काढत गेले आणि उघड्या दगडखाणीत मुख्य थर सापडला. जवळजवळ १६ फूट जाडीचा! नदीपासून हाकेच्या अंतरावर. गावात अजून सांगतात की व्हॉन सशाच्या बिळात पाय अडकून पडला आणि शोध लागला. ते थापेबाजी आहे, ही माणसं मुद्दाम शोधतच होती. १८५१ मध्ये मिडल्सब्रोत पहिली झोतभट्टी पेटली. १८५३ मध्ये नगरपालिका, पहिला महापौर बोल्को. १८६२ मध्ये ब्रिटनचा तेव्हाचा अर्थमंत्री ग्लॅडस्टन आला आणि गावाला 'बाल-हर्क्युलिस' म्हणून गेला. वस्ती १८६१ ला १९ हजार, १८७१ ला सुमारे ३९ हजार, १९०१ ला ९१ हजार. चार घरांवरून शंभर वर्षांत.

पुढचं प्रतिसादांत. दमलो.

---

नवशिक्या_७

वाचतोय. वाचनखूण साठवली.

---

तिरपागडा — पाणी की लोखंड?

लेख छान, पण मुख्य मुद्दा पटला नाही. तुमच्याच लेखावरून बोलतो. १८४० च्या दशकात हार्टलपूलसारखी बंदरं रेल्वेने जोडली जाऊ लागली आणि कोळसा तिकडे वळू लागला. म्हणजे नुसत्या पाण्यावर उभं केलेलं तुमचं बंदर वीस वर्षांत धापा टाकायला लागलं होतं. ईस्टनला खनिज सापडलं नसतं तर मिडल्सब्रो म्हणजे आज सीगल आणि दोन चहाच्या टपऱ्या. पाणी सगळीकडे होतं, १६ फुटी थर एकाच ठिकाणी होता. लोखंडाचं गाव ते लोखंडाचंच गाव.

---

खाडीपलीकडे

@तिरपागडा, आक्षेप चांगला आहे, त्यामुळे जरा लांब उत्तर.

खनिज सापडलं म्हणून गाव फुगलं, हे मान्यच. पण खनिज किती काळ पुरलं ते बघा. १८७० नंतर जग घडीव लोखंडाच्या रुळांकडून पोलादी रुळांकडे वळलं. ईस्टनच्या खनिजात फॉस्फरस फार, त्याचं पोलाद होईना (हे कुणी धातूवाल्याने समजावून सांगा). मग बोल्को-व्हॉन कंपनीने काय केलं? स्पेनहून खनिज आणायला सुरुवात केली. पायाखाली खाण, आणि माल बिल्बाओच्या बाजूने जहाजाने! हे फक्त अशाच ठिकाणी परवडतं जिथे भट्टीच्या दारात जहाज लागतं.

पुढे तर आणखी. ईस्टनची खाण १९४९ मध्ये बंद झाली. संपूर्ण क्लीव्हलंड भागातली शेवटची लोहखाण, नॉर्थ स्केल्टन, १९६४ मध्ये. पोलाद मात्र २०१५ पर्यंत निघत होतं. म्हणजे शेवटची ५१ वर्षं एक टोपलीही स्थानिक खनिज नव्हतं. खाण मेली तरी धंदा जगला, आणि जगला तो समुद्रातून आलेल्या खनिजावर. १९७३ मध्ये रेडकारला खोल पाण्यातला खनिजाचा धक्का झाला, आणि १९७९ मध्ये त्याच्या शेजारी अवाढव्य झोतभट्टी पेटली, दिवसाला १० हजार टन कच्चं लोखंड काढण्याच्या ताकदीची. युरोपातली दुसऱ्या क्रमांकाची मोठी. ती मिडल्सब्रोत का नाही बांधली? कारण तिला लागणारी जहाजं मिडल्सब्रोपर्यंत येऊ शकत नव्हती. स्टॉकटनचं १८३० मध्ये जे झालं तेच. १९८० मध्ये क्युबिटची गोदी बंद पडली.

अजून एक पुरावा देतो, माझा लाडका. १९३४ चा न्यूपोर्ट पूल. मिडल्सब्रोच्या थोडा वर, रस्त्याचा सगळा पट्टाच्या पट्टा दोन मनोऱ्यांमध्ये सरळ वर उचलला जायचा, खालून जहाज जायचं. ब्रिटनमधला या जातीचा पहिला. एके काळी महिन्याला शेकडो वेळा वर जायचा. वरच्या बाजूला जाणारी जहाजं कमी कमी होत गेली, १९९० मध्ये तो शेवटचा उचलला आणि नंतर कायमचा खाली बसवला. पूल शाबूत आहे, वाहतूक चालू आहे. फक्त वर जाणारं जहाज उरलं नाही.

---

ओतारी — फॉस्फरसची भानगड

हाक मारलीत म्हणून आलो.

बेसेमरच्या भट्टीत वितळलेल्या कच्च्या लोखंडातून हवा फुंकतात, कार्बन जळून जातो, पोलाद राहतं. पण त्या भट्टीचं आतलं अस्तर वाळूच्या जातीचं, म्हणजे आम्लधर्मी. फॉस्फरस हवेने जळतो खरा, पण त्याचं जे होतं तेही आम्लधर्मीच. त्याला धरून ठेवायला मळीत (वितळलेल्या धातूवर तरंगणारा टाकाऊ भाग) चुन्यासारखं काही नसेल तर तो परत धातूत शिरतो. असं पोलाद थंडीत ठिसूळ होतं. रूळ हिवाळ्यात काचेसारखा तडकला तर काय होईल ते सांगायला नको. बरं, नुसता चुना भट्टीत टाकला तर तो अस्तरच खाऊन टाकतो.

हे कोडं सोडवलं सिडनी गिलख्रिस्ट थॉमसने. हा लंडनच्या पोलीस कोर्टात कारकून! दिवसा खटल्यांची कागदपत्रं, संध्याकाळी रसायनशास्त्राचे वर्ग. त्याचा मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट वेल्समधल्या ब्लेनाव्हनच्या लोखंड कारखान्यात रसायनतज्ज्ञ होता, त्याच्याकडे चोरूनमारून प्रयोग. अस्तरच बदलायचं, डोलोमाइटचं (चुनखडीच्या जातीचा दगड) करायचं आणि मग खुशाल चुना टाकायचा, अशी युक्ती. मोठ्या प्रमाणावर ती प्रथम यशस्वी झाली ती मिडल्सब्रोत, बोल्को-व्हॉनच्या कारखान्यात, १८७९ च्या एप्रिलमध्ये. व्यवस्थापक विंडसर रिचर्ड्सने पोराच्या डोक्यावर कंपनीचे पैसे लावले. बातमी फुटल्यावर युरोपभरचे लोक मिडल्सब्रोत येऊन धडकले.

आणि इथे नशीब बघा. या शोधाचा सर्वांत मोठा फायदा कुणाला झाला, तर जर्मनीला. तेव्हा जर्मनीच्या ताब्यात असलेल्या लोरेनचं खनिजही फॉस्फरसवालंच, अमाप पडलेलं. मिडल्सब्रोत सिद्ध झालेल्या पद्धतीने जर्मनी पोलादात ब्रिटनच्या पुढे गेला. थॉमस १८८५ मध्ये, पस्तिशीही न गाठता, वारला.

अवांतर: उरलेल्या चुनामळीत सगळा फॉस्फरस जमतो. ती दळून शेतात टाकली की उत्तम स्फुरदखत. कारखान्याने उकिरडा विकावा तो असा.

---

टीजकाठची मनी

स्टॉकटनला राहते, त्यामुळे हा धागा म्हणजे घरचं कार्य. :)

मळीचा विषय निघालाच आहे तर: लोखंडाच्या भट्टीची मळी ही इथली मोठी डोकेदुखी होती. एक टन लोखंडामागे मळीचे ढीगच्या ढीग. टाकणार कुठे? टीज कॉन्झर्व्हन्सी कमिशनर्स नावाच्या मंडळाने (१८५२ चं) तोडगा काढला. नदीच्या मुखाशी दक्षिण बाजूला अडीच मैल लांबीचा बांध घालायचा, साउथ गेअर, आणि तो या मळीचाच. १८६१ ते १८८८ असं काम चाललं. मळी नेण्याबद्दल कारखानदारच मंडळाला पैसे देत. म्हणजे बांधाला माल फुकट, वर खिशात पैसे. नदी सरळ आणि खोल करायलाही हीच मळी काठाला टाकली. आज टीजचा जो काठ दिसतो तो बराचसा भट्टीतून निघालेला आहे.

आमच्या घरामागच्या गल्लीत फरसबंदी आहे ती पण मळीच्या विटांची. स्कोरिया ब्रिक म्हणतात. निळसर करड्या, वरून गुळगुळीत, पाऊस पडला की शाईसारख्या निळ्या चमकतात. काहींवर खाचा पाडलेल्या असतात, घोड्याचा पाय घसरू नये म्हणून. बर्फात मात्र त्यावरून चालणं म्हणजे जिवाशी खेळ, दूधवालाही शिव्या घालतो.

---

कोळसेवाडीकर

सगळ्यांनी भट्ट्या, पूल, खनिज सांगितलं. माणसं कुठे आहेत? ९१ हजार लोक राहत कसे होते? बायका काय करत होत्या?

---

टीजकाठची मनी

@कोळसेवाडीकर, बरं विचारलंत.

माणसं सगळीकडून आली. यॉर्कशायर, डरहॅम, वेल्स, स्कॉटलंड, आणि खूप आयरिश. आयरिश वस्तीच्या प्रमाणात लिव्हरपूलखालोखाल मिडल्सब्रो होतं. अजूनही इथे कॅथलिक चर्चं आणि ओ'निल-मर्फी आडनावं पुष्कळ. बहुतेक सगळे पुरुष, तरुण, एकेका घरात पोटभाडेकरू कोंबलेले.

फ्लॉरेन्स बेल नावाच्या बाईंनी १९०७ मध्ये या कामगारांच्या घरांबद्दल पुस्तक प्रसिद्ध केलं. त्या स्वतः कारखानदार ह्यू बेलच्या पत्नी (इराकवाल्या गर्ट्रूड बेलची सावत्र आई). जवळजवळ तीस वर्षं त्या आणि त्यांच्या सहकारी घरोघर जात होत्या, हजाराहून जास्त घरं पाहिली. मालकाच्या बायकोने लिहिलेलं म्हणून चष्मा लावूनच वाचावं लागतं, पण बारकावे जबरदस्त. त्यांचा एक मुद्दा तुमच्या प्रश्नाला धरून आहे: लँकेशायरच्या कापडगावांत बाईला गिरणीत काम होतं, इथे लोखंडात बाईला जागाच नव्हती. मुलगी शाळेतून निघाली की घरात, लवकर लग्न, मग घरातल्या एकाच माणसाच्या पगारावर सगळं. तो भाजला, मोडला, आजारी पडला की घर कोसळलं. झोतभट्टी कधी विझवायची नसते, त्यामुळे पाळ्या रात्रंदिवस, रविवारीही. घरातल्या तीन पुरुषांच्या तीन पाळ्या असतील तर बाईचा स्वयंपाक संपायचाच नाही.

ऑटलीच्या नकाशातलं ते मूळ टुमदार गाव लवकरच दाट वस्ती झालं. रेल्वेरुळाच्या दक्षिणेला नवं शहर वाढलं, पैसेवाले तिकडे गेले, रुळाच्या उत्तरेचा भाग 'ओव्हर द बॉर्डर' म्हणून बदनाम झाला. आता तिथे फारसं काही उरलेलं नाही. चौकातलं सेंट हिल्डा चर्च १९६९ मध्ये पाडलं. १८४६ चं जुनं टाउन हॉल मोकळ्या माळावर एकटं उभं आहे.

---

कोळसेवाडीकर

धन्यवाद. पाळ्यांचं वाचून आमच्या आईची आठवण झाली, पण ते इथे नको.

---

गिरगावचा अण्णा — आमच्या डोक्यावरचं मिडल्सब्रो

गिरगावातल्या आमच्या जुन्या चाळीची दुरुस्ती निघाली तेव्हा पोटमाळ्याचं छत फोडलं. आतल्या लोखंडी तुळयांवरचा चुना खरवडला तर उठावाच्या अक्षरांत इंग्रजीत 'डॉरमन लाँग, मिडल्सब्रो, इंग्लंड'. मिस्त्री म्हणाला, असल्या तुळया जुन्या इमारतींत नेहमी निघतात, भंगारवाला यांना जास्त भाव देतो. गंज म्हणाल तर भिंतीत शिरलेल्या टोकांना, बाकी ठणठणीत. ही कंपनी कोण हो?

---

खाडीपलीकडे

@अण्णा, वा! डॉरमन लाँग म्हणजे आर्थर डॉरमन आणि अल्बर्ट लाँग, १८७५ पासूनची मिडल्सब्रोची कंपनी. तुळया आणि पूल हे त्यांचं खास. पुढे त्यांनी बेल बंधूंचा कारखाना घेतला आणि १९२९ मध्ये खुद्द बोल्को-व्हॉनलाही गिळलं.

न्यूकॅसलचा टाइन ब्रिज (१९२८) त्यांचा. सिडनी हार्बर ब्रिज त्यांचाच, कंत्राट १९२४ चं, १९ मार्च १९३२ ला उद्घाटन. त्यातलं जवळजवळ चार पंचमांश पोलाद मिडल्सब्रोहून जहाजाने गेलं. वर सांगितलेला न्यूपोर्ट पूलही त्यांचाच. ऑस्ट्रेलियातल्या कमानीच्या मानाने तो गल्लीतलं काम!

आणि मिडल्सब्रोचं स्वतःचं चिन्ह, ट्रान्सपोर्टर पूल (१७ ऑक्टोबर १९११), तो मात्र यांचा नाही. आराखडा डार्लिंग्टनच्या क्लीव्हलंड ब्रिज कंपनीचा, बांधला ग्लासगोच्या विल्यम अ‍ॅरलने. याला रस्ता नाही. उंचावर लोखंडी सांगाडा, त्यावरून तारांनी लटकवलेला एक पाळणा, त्यात गाड्या आणि माणसं उभी करायची, दीड मिनिटात पलीकडे. साधा पूल बांधला असता तर जहाजं अडली असती. पुन्हा तेच, पाणी! @तिरपागडा ;)

उद्घाटन केलं प्रिन्स आर्थर ऑफ कॅनॉटने. त्याच्या वडिलांनी १८६८ मध्ये याच गावात बोल्कोने दिलेल्या अल्बर्ट पार्कचं उद्घाटन केलं होतं. हे वडील म्हणजे ड्यूक ऑफ कॅनॉट, १८८६ ते १८९० मुंबई लष्कराचे सरसेनापती. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसचं नाव त्यांचंच.

---

तिरपागडा

बरं, तीन गुण तुम्हाला. पण ट्रान्सपोर्टर पूल चालू आहे का सध्या?

---

टीजकाठची मनी

नाही. २०१९ पासून सुरक्षेच्या कारणावरून बंद आहे. पाळणा एका बाजूला बांधून ठेवलाय. दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर काथ्याकूट. पलीकडे पोर्ट क्लॅरन्सला जायचं तर मोठा वळसा. टेरी स्कॉट नावाच्या विनोदी नटाचा किस्सा इथे प्रत्येक टॅक्सीवाला सांगतो: १९७४ मध्ये साहेब हा नेहमीचा टोलवाला पूल समजून गाडी सरळ पुढे घेऊन गेले, पाळणा पलीकडे होता, गाडी खालच्या जाळीत. माणूस वाचला.

---

नवशिक्या_७ — टाटा

रेडकारची ती भट्टी टाटांनी बंद केली ना? कुणीतरी नीट सांगा, व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय वाचलंय.

---

खाडीपलीकडे

क्रमाने बघू, म्हणजे वाद कमी होईल.

२००७ मध्ये टाटा स्टीलने कोरस ही पोलाद कंपनी विकत घेतली, ६.२ अब्ज पौंडांना. त्या गाठोड्यात टीजसाइडचा कारखाना होता. हा कारखाना पोलादाचे जाड पाट (स्लॅब) काढायचा आणि त्यातला मोठा वाटा चार परदेशी कंपन्यांचा एक गट दहा वर्षांच्या करारावर उचलायचा. २००८ ची मंदी आली. २००९ मध्ये त्या गटाने करार मोडला. गिऱ्हाईक गेलं. २०१० च्या फेब्रुवारीत भट्टी थंड केली गेली. २०११ मध्ये थायलंडच्या एसएसआय कंपनीने कारखाना घेतला, २०१२ मध्ये भट्टी पुन्हा पेटली, गावात आनंदीआनंद. २०१५ मध्ये पोलादाचे भाव कोसळले, ऑक्टोबरमध्ये एसएसआयची ब्रिटिश कंपनी अवसायनात गेली, २२०० माणसं थेट घरी. यावेळी कोक भट्ट्याही (दगडी कोळसा भाजून झोतभट्टीसाठी कोक करायच्या) विझल्या, आणि एकदा त्या थंड पडल्या की आतलं बांधकाम फुटतं, परत पेटवणं जवळपास अशक्य. २३ नोव्हेंबर २०२२ ला झोतभट्टी सुरुंगाने पाडली.

म्हणजे विझवली टाटांच्या काळात एकदा, कायमची विझली दुसऱ्याच्या काळात. 'बॉम्बे हाउस'मधून टीजकाठच्या भट्टीचं भवितव्य ठरावं हे बोल्कोला सांगितलं असतं तर त्याला हसूच आलं असतं. पण बोल्को स्वतः तरी कुठे स्थानिक होता.

---

ओतारी

कोक भट्ट्यांबद्दल +१. अस्तराच्या सिलिका विटा ठरावीक तापमानाखाली आल्या की आकार बदलतात आणि तडकतात. म्हणून 'तात्पुरती बंद' हा शब्द तिथे चालत नाही.

मिठाचा उल्लेख राहिला. बोल्को-व्हॉन १८६० च्या आसपास कारखान्यासाठी पाणी शोधत बोअर मारत होते. बाराशे फुटांवर पाण्याऐवजी सैंधव लागलं, मिठाचा जाड थर. त्यांना तेव्हा त्याचं काय करावं कळेना. पुढे उत्तर तीरावर मिठागरं निघाली, मिठामागून रसायनं आली, आणि बिलिंगहॅमला १९२० च्या दशकात कृत्रिम अमोनियाचा कारखाना. १९२६ मध्ये आयसीआय ही मोठी रसायन कंपनी. म्हणजे लोखंडवाल्यांच्या फसलेल्या विहिरीतून इथला रसायनधंदा सुरू झाला.

---

कोळसेवाडीकर

आणि नदी? लोखंड, कोक, अमोनिया, सगळं तिच्याच पोटात ना?

---

टीजकाठची मनी

हो. एके काळी सॅमनसाठी प्रसिद्ध नदी, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खाडीत मासा जगेना. कायदे कडक झाले, कारखाने कमी झाले, तसं पाणी सुधारलं. आता सॅमन वर चढतात, सील मुखाशी पिल्लं घालतात, त्या जागेचं नावच सील सँड्स. १९९५ मध्ये स्टॉकटनजवळ बंधारा झाला, त्याच्या वर आता भरती-ओहोटी येत नाही. स्वच्छ, गोडं, शांत पाणी, वल्हवायला मस्त. वरच्या अंगाचा मळ झाकला गेला असंही म्हणतात.

पण २०२१ च्या ऑक्टोबरपासून किनाऱ्यावर मेलेल्या खेकड्यांचे ढीगच लागले. मच्छीमार म्हणाले, नवीन फ्रीपोर्टसाठी (करसवलतीचं बंदरक्षेत्र) नदीमुखाचा गाळ उपसला, त्यातून जुनं विष वर आलं. सरकारने आधी शेवाळाकडे बोट दाखवलं, २०२३ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने एखादा नवा रोगजंतू असण्याची शक्यता जास्त मानली. मच्छीमारांना ते पटलेलं नाही. मलाही पुरतं पटलेलं नाही, पण मी शास्त्रज्ञ नाही.

---

गिरगावचा अण्णा

मुलगा न्यूकॅसलला असतो, उन्हाळ्यात जाणार आहोत. एका दिवसात काय बघावं?

---

टीजकाठची मनी

काका, नक्की या. सकाळी मिडल्सब्रो स्टेशनवर उतरून उत्तरेला चालत जुन्या गोदीकडे. तिथे अनिश कपूरचं 'टेमेनोस' आहे, २०१० चं. दोन मोठी लोखंडी कडी, मध्ये ताणलेली तारांची जाळी, ११० मीटर लांब. कपूर मुंबईत जन्मलेले, त्यामुळे मी सगळ्या पाहुण्यांना 'आपल्या माणसाचं आहे' म्हणून दाखवते. गावातल्या अर्ध्या लोकांना ते आवडत नाही. तिथून ट्रान्सपोर्टर पूल दिसतोच.

दुपारी पार्मो खा. चिकन कुटून पातळ केलेलं, पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेलं, वर पांढरा सॉस आणि चीज. दोघांत एक पुरे, पथ्य असेल तर तिघांत. शाकाहारी असाल तर वांग्याचा पण मिळतो, विचारावं लागतं.

मग गाडी असेल तर साउथ गेअर. खासगी रस्ता आहे पण लोकांना जाऊ देतात. मळीच्या बांधावरून थेट मुखापर्यंत जाता येतं. रेडकारची ती भट्टी जिथे होती ती जागा डाव्या हाताला लागते. वारा भयानक असतो, जुलैतसुद्धा. काकूंना सांगा साडी नको, आणि तुम्ही कानटोपी न्या.